थंड गाडी

गरम गाडीला दुखणं विचारू नये,
ती खोटं बोलते.
वाशी नाक्याच्या माझ्या गॅरेजात ती तीनदा आली,
नव्व्याण्णवची एस्टीम, रंग चिकूच्या सालीसारखा,
आणि तिन्ही वेळा पहिल्या सेल्फला उठली,
साहेब आल्यावर शिपाई उठतो तशी.

प्लग काढले. काळेकुट्ट.
बोट फिरवलं तर बाळाला तीट लावता येईल
इतकी काजळी.
म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी.
इर्शाद म्हणाला सेन्सर. सेन्सर बदलला.
मी म्हणालो एअर फिल्टर. तोही बदलला.
बॅटरी तर बिचारी उगाचच गेली.
तेराचं ॲव्हरेज आठवर,
आणि घोसाळकरबाई वहीत लिहून आणायच्या
तारीख, वेळ, किती सेल्फ मारले:
सोमवार सात. मंगळवार नऊ.
बुधवारी रिक्षाने गेले.

'पेट्रोलचा वास येतो का?' विचारलं.
त्या हसल्या. 'माहुलला राहते मी.
इथे कपडेसुद्धा वास घेऊन वाळतात.'

मग सांगितलं, रात्रभर गाडी तिथेच राहू दे,
कुणी चावी लावायची नाही.
आणि जानेवारीत पहाटे सहाला गेलो
मफलर गुंडाळून,
सतरा डिग्रीला मुंबईचा माणूस गुंडाळतो तसा.
रिफायनरीची ज्योत धुरक्यात,
कुणी शेगडी बारीक करायची विसरल्यासारखी.
बॉनेटवर दव, दवात मांजराची पावलं.

सेल्फ मारला नाही. चावी अर्धी फिरवली.
मागे पंप दोन सेकंद गुणगुणला, थांबला.
रेग्युलेटरची बारीक नळी उपटली,
करंगळीएवढी, जिच्यात फक्त हवा असायची,
आणि तिच्या तोंडाशी
एक थेंब आला.
थांबलो. दुसरा आला.
आतला पडदा फाटलेला.
झिरपत होतं झोपलेल्या इंजिनाच्या घशात,
सकाळी ते उठणार कसं, ठसकाच लागणार.

'बघा बाई,' म्हणत नळी त्यांच्या नाकाशी धरली.
त्यांनी वाकून श्वास घेतला, परत घेतला,
चष्मा वर केला,
जणू वास डोळ्यांना दिसेल.
'कंपनीच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं होते,' त्या म्हणाल्या,
'नमुन्याच्या बाटल्या उघडायच्या, बुचं लावायची.
आता मला कशाचाच येत नाही.
कुणाला सांगितलं नाही.
भाजी लागली की धूर बघते.'

हातात फडकं होतं,
मी उगाच हात पुसत राहिलो.
चहा आणला त्यांनी. दूध करपलेलं होतं.
सगळा प्यायलो.

कुर्ल्याहून जुना रेग्युलेटर आणून
दुपारी बसवला.
दुसऱ्या दिवशी फोन आला: 'गुरुवार, एक.'
एवढंच. ठेवून दिला.

पण त्या सकाळी निघण्याआधी
पाणी मागायच्या निमित्ताने आत गेलो होतो,
सिलिंडर पुढे ओढला,
शेगडीची केशरी नळी वाकवून बघितली.
वळणाशी चिरा.
इथलाही रेग्युलेटर बंद केला
आणि नाक्यावरून नवी नळी आणली, एकशे साठची.
ती बिलात नाही.
लिहिणार तरी काय, कुठल्या गाडीची?