भरपगारी

चौदा वर्षं झाली म्हणून कंपनीनं दिले
तीन महिने, भरपगारी.
लॅपटॉप जमा केला, पोचपावती घेतली.
गळ्यातलं कार्ड मात्र तसंच घरी आलं.

पहिल्या सोमवारी सात-चाळीसला
वनाज कॉर्नरला बस थांबली.
गॅलरीतून पाहिली. हात केला नाही.

खालचे देवस्थळी विचारतात, "काय, काढलं का?"
नाही हो, सुट्टी आहे.
"तेच ते," म्हणतात, आणि पेपर झटकतात.

दुपारी तीनला ऊन
स्वयंपाकघरातून येतं, फ्रिजला वळसा घालून
दिवाणाच्या कडेवर टेकतं.
अकरा वर्षं हप्ते भरले या घराचे,
शनिवार-रविवार झोपेत, लॉकडाऊन कॉलवर,
ही दुपार कधी पाहिलीच नव्हती.
कुंडी उन्हात सरकवली तर मंदाताई म्हणाल्या,
"तिथं नको, चारपर्यंत पानं करपतात."
त्यांना ठाऊक.

मग फरशीवरचं फडकं थांबवून,
"पगार?"
चालू आहे.
"कामावर न जाता?"
हो.
हसल्या. बादलीतलं पाणी बदलून आल्या.

मागच्या गणपतीत त्यांचा मुलगा तापानं फणफणला होता,
तेव्हाचा चार दिवसांचा खाडा
मीच कापला होता.
वहीत आहे अजून, माझ्याच अक्षरात.

एकतीस तारखेला मेसेज आला: जमा.
फोन पालथा ठेवला.
मंदाताई दारात चपला घालत होत्या.
"उद्या येऊ ना?
नाही, तुम्ही आता घरीच,
म्हणून विचारलं."