मानण्यात येईल

येरवड्याच्या सरकारी छापखान्यात
एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासली.
समोर शकुंतला ओव्हाळ.
बाई मूळ प्रत मोठ्यानं वाचायच्या,
मी ओलसर गॅलीवर लाल पेन चालवायचो.
विरामचिन्हंसुद्धा वाचायच्या त्या, तसा नियमच होता:
"कलम सतरा, पोटकलम, कंस, दोन, कंस पुरा, यामधील
अवतरण, नोटीस मिळाल्यापासून, अवतरण पुरं,
या मजकुराऐवजी, अवतरण,
नोटीस पाठविल्यापासून, अवतरण पुरं,
हा मजकूर दाखल करण्यात यावा, पूर्णविराम."

असल्या दुरुस्त्यांना आगापिछा नसतो.
मूळ कायदा दुसऱ्याच कुठल्या कपाटात,
आपल्या हाती फक्त हे काढा, ते घाला.
शिंप्याकडे नुसती बाही यावी
आणि सदरा कुणाचा ते कळू नये, तसं.

एकदाच थांबल्या होत्या बाई.
मे महिना, पंखा बंद,
डब्यातल्या वाटाण्याच्या उसळीचा वास.
"धारकर, म्हणजे टपालात हरवली तरी मिळाली?"
मी म्हणालो, पुढचं वाचा,
अडीचला फर्मा मशीनवर जायचाय.
पुढचं असं होतं:
"आणि ती मिळाली असल्याचे मानन्यात येईल."
मी न चा ण केला.
त्या पानावर तेवढी एकच चूक निघाली.
साहेब म्हणाले, नजर आहे हां तुमची.

काल बाई आल्या, सोळा वर्षांनी,
विश्रांतवाडीहून धनकवडीला, दोन बस बदलून,
गुडघ्याला पट्टा, दुधाच्या पिशवीत कागद.
भाच्याच्या टेम्पोला जामीन राहिल्या होत्या.
वर्षभर हप्ते गेले,
मग टेम्पोही दिसेना, भाचाही.
बँकेनं त्यांची ठेव वळती करून घेतली,
फंडाची होती, तीन लाख चाळीस हजार.
पासबुकात एक ओळ.
ओळीत बाईंचं नावसुद्धा नाही.

खिडकीतला मुलगा चांगला होता म्हणाल्या,
पाणी दिलं त्यानं.
आजी, नोटीस गेलीय, सिस्टीममध्ये दिसतंय.
कुठं गेली रे?
नागपूर चाळीच्या पत्त्यावर.
ती खोली रस्तारुंदीत जाऊन नऊ वर्षं झाली.
ग्राहक मंचातही जाऊन आल्या.
तिथल्या कारकुनानं कागद न उलगडता सांगितलं:
मुदत साठ दिवस, पाठवल्यापासून.
पूर्वी मिळाल्यापासून असायची,
मधे कधीतरी बदललं.

मधे कधीतरी.

मी चष्मा पुसत राहिलो.
मला त्या फर्म्याचा नंबर आठवत होता,
उसळीत खोबरं जास्त होतं तेही.
बाईंना बोललो नाही.
सांगायचं काय, त्यांच्याच आवाजात
छापलं गेलं होतं ते.

मग जुन्या सवयीनं त्या समोर बसल्या,
बँकेचं पत्र नाकाजवळ धरलं.
मी लाल पेन शोधलं, सुकलेलं. निळं घेतलं.
"महोदया, स्वल्पविराम,
आपणांस दिलेल्या नोटिशीच्या अनुषंगाने"
थांबा, मी म्हणालो. दिलेल्या?
कुणी दिली? कुणाच्या हातात? सही कुठाय?
बाई हसल्या.
"अडीच वाजायचेत ना, धारकर. पुढचं वाचू का?"
नको.
इथंच थांबा.

आणि समासात, जिथं जन्मभर
मी फक्त वेलांट्या आणि अनुस्वार सुधारले,
एक प्रश्नचिन्ह काढलं, चांगलं बोटभर.
आमच्या धंद्यात त्याचा अर्थ एवढाच:
मूळ प्रत पुन्हा पाहावी.

बाईंनी ते बराच वेळ पाहिलं.
चहावर साय धरली होती.
"पाहू की," म्हणाल्या,
"पण कपाटाची किल्ली कुणाकडंय?"