धारेची वेळ

मारिट म्हणाली, बाबा, हॉल नको. आपला गोठाच हवा.
मी म्हणालो, वास जाणार नाही.
जाऊ नये म्हणूनच, ती म्हणाली.

तेव्हापासून तीन शनिवार मी भिंतींना चुना लावतोय.
विजेचा माणूस येऊन गेला.
आगीचा इन्स्पेक्टर फीत घेऊन माळ्यावर चढला,
एकशे चाळीस, म्हणाला, त्यावर एकही माणूस नको.
इथं चार हजार पेंढ्या राहायच्या,
त्यांनी कधी कुणाची परवानगी काढली नव्हती.

खांदा निखळला त्या वर्षी
बेचाळीस गाई दोन ट्रकांत चढल्या.
आयोवाच्या दिशेनं गेले ट्रक. दावणीवर
नावांच्या पाट्या तेवढ्या राहिल्या:
ट्यूलिप, डचेस, पेपर, ओपल,
आणि मिसेस ब्योर्नस्टॅड, जिचे डोळे
आमच्या तिसरीच्या बाईंसारखे होते.
पाट्या उचकटायला गेलो तर पोरगी आडवी आली.
टेबलांना नंबर नकोत म्हणे, हीच नावं.
लाथाळ ओपलच्या टेबलावर माझी मेहुणी बसणार आहे.
यादी लव्हॉननं केली. मी नुसता हसलो,
तेही पाठ फिरवून.

थॅडी मिलवॉकीचा. त्याची पोलिश आजी
पाव आणि मीठ घेऊन उंबऱ्यात उभी राहणार.
फोनवर तिनं तीनदा विचारलं,
दाराला उंबरा आहे ना?
गोठ्याला कुठला उंबरा!
शेणाची गाडी अडते.
पण हो म्हणून बसलो.
आता ओकची एक फळी रंधून ठेवली आहे,
म्हातारीपुरती.

मग मारिटनं कागद पुढं केला.
तीनला लग्न, सफरचंदीखाली.
चारला जेवण. आणि साडेचारला, तिच्या तिरक्या अक्षरात,
धार.

आमच्या घरात कुणाचंही लग्न असो,
साडेचारला माणसं ताटावरून उठायची.
माझ्या लग्नात मीही उठलो,
नव्या कोटाखाली रबरी बूट.
लव्हॉन मागोमाग आली, पांढऱ्या झग्यासकट,
बादली धरून बसली. ट्यूलिपच्या आजीनं शेपूट मारलं.
घोळावर हिरवा डाग पडला, हाताच्या पंजाएवढा.
तोच झगा मारिट घालणार आहे.
शिंपीण म्हणाली, डाग काढून देते, नवं औषध आलंय.
मायलेकी एकदम म्हणाल्या, हात लावू नका.

पण धार कुणाची काढायची, मारिट?
ती पेन्सिल चावत राहिली.
वीस मिनिटं बँड थांबेल, म्हणाली.
ज्याला खाली यायचंय तो येईल.
आणि करायचं काय?
ते मला माहीत नाही, बाबा.
वेळ मात्र ठेवायची.

काल फळीला तेल लावत होतो. घड्याळ घरात.
कुत्रं उठून दाराशी गेलं,
तेव्हा कळलं किती वाजले.
उतरलो खाली. दावणीच्या टोकाला,
जिथं चुना अजून ओला होता,
ओपलच्या पाटीखाली उभा राहिलो उगाच.
खुर्च्या उतरवून थॅडी आला,
पांढऱ्या बुटांचा, छपाईच्या कारखान्यातला पोरगा.
बघत राहिला. मग विचारलं,
बसायचं कुठल्या बाजूनं?

उजवीकडून.
तो उकिडवा बसला. समोर काही नव्हतं,
लोखंडी नळी आणि संध्याकाळचं ऊन.
डोकं टेकव, म्हणालो. बरगडीच्या जरा खाली.
त्यानं हवेला कपाळ टेकवलं.
दोन्ही हात पुढं केले, चुकीचे,
अंगठे बाहेर.

थोडा मागे सरक, म्हणालो.
ही पाय उचलते.