काट्याचा चौक

नगरपंचायतीनं पाटी दिली रंगवायला.
सहा फुटी पत्रा, पांढऱ्यावर निळी अक्षरं,
मजुरी अडीचशे, ब्रश माझा.
काट्याचा चौक.
'का' काढला नि हात थांबला.
काटा कोणता?
ठरावात खुलासा नाही.

देवमन मापारी म्हणाला, तोलाचा.
कापसाच्या दिवसांत बंड्यांची रांग लागायची
पार म्हसोबाच्या नाल्यापर्यंत,
रातभर जुवाखाली माणसं, शेकोटीत सरकी तडतडे.
त्याचा आजा लोखंडी दांडीखाली उभा राहून आकडा ओरडे.
एक म्हणायचा नाही. लाभ म्हणायचा.
लाभ, मग दोन, मग तीन.
काटा भंगारात गेला. एक मणाचं वजन
देवमनच्या घरी आहे अजून,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.

रजिया आपा बांगड्या पुसता पुसता हसली.
"तोल कायचा? घडीचा काटा."
तिचे अब्बा दर जुम्म्याला मनोऱ्यावर चढून चावी देत.
एका वावधनात मोठा काटा सुटला
नि पडला थेट हलवायाच्या कढईशेजारी.
लहान काटा तेवढा राहिला, चारवर.
चार वाजलेत, मान्य.
किती मिनिटं, ते इथं कुणी विचारत नाही.

झिबलाबाई अंबाडीच्या जुड्या बांधत होती.
मान वर न करता म्हणाली,
"थे दोघंही कालचे हायेत, बाप्पा.
इथं बाभूळबन होतं.
चार गावच्या पायवाटा इथंच मियत.
ज्याच्या त्याच्या पायात काटा भरे,
मंग बसे तो पाय धरून.
दुसरा म्हने, थांब, मी काढतो.
काढता काढता इचारे, कोनच्या गावचा?"
तिनं जुडीला गाठ मारली.
"तसा झाला चौक."

मला तर आठवतो तान्हा पोळा.
आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली
माझा लाकडी बैल, तीन चाकांचा.
चौथं चाक मी खिशात ठेवलं होतं,
कुणी पाहू नये म्हणून.
बोजाऱ्याचे दोन रुपये मिळाले
नि ते त्याच खिशात
चाकावर वाजत राहिले घरापर्यंत.

संध्याकाळी अक्षरं पुरी केली.
'ट्या' जरा जाड झाला, राहू दिला.
शिडीवर चढून पाटी टांगली तारेनं,
सोडली, तर लागली डुलायला,
कधी ही बाजू वर, कधी ती.
खाली चहावाला, पानवाला, रिकामी पोरं,
सगळा चौक माना वर करून उभा.
देवमननं एक डोळा मिटला,
हात कपाळाशी नेला नि ओरडला,
"डावीकडं! डावीकडं अजून छटाकभर!"