उजेड इकून येते

सिंदेवाहीच्या बस स्टँडमागे माझं दुकान.
एका भिंतीवर नाटकांचे फ्लेक्स, दुसरीवर झेरॉक्सचे दर,
आणि संगणकात एक फोल्डर : बकाराम सागवान.

बकाराम लांजेवारची फ्रेमची टपरी शेजारीच होती.
बंद केली त्या दिवशी त्यानं पट्टीचे चार तुकडे दिले.
मी ते स्कॅनरवर पालथे घातले,
झाकण लागेना, म्हणून वरून गमछा टाकला.
आता ते सागवान कितीही कापलं तरी सरत नाही,
भुसा पडत नाही,
वासही येत नाही.

पण कोपरा त्यानंच शिकवला.
"रेष वळली पायजे बाबू.
उभ्या पट्टीची उभी, आडवीची आडवी,
पंचेचाळीसवर दोघी भेटल्या पायजेत.
एकच रेष चारही बाजूनं धावली
तं ते लाकूड नोहे, चिकटवलेला कागद."
आणि मॅट खालून बोटभर जास्त,
नाही तर फोटो घसरल्यावानी दिसते.

हे सगळं मी माऊसनं करतो.
मॅट शुभ्र घेत नाही, शुभ्र लगेच पकडलं जातं.
हातसडीच्या तांदळाचा रंग घेतो,
त्यावर दोन टक्के खरखर,
मग कापलेली तिरपी कड, केसाएवढी :
वरची जराशी काळवंडलेली, खालची उजळ.
कारण उजेड वरून, डावीकडून येतो.
का येतो?
सगळेच तसा घेतात.

मोहबोडीच्या पंचफुला गहाणे आल्या.
मोबाईलमध्ये त्या, धाकटा पोरगा, मोहफुलांची टोपली
आणि अर्ध्या कानाची बकरी.
फ्रेम म्हटलं की मी सवयीनं विचारतो, हार टाकू?
"जित्या मानसाईले?"
हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.
पोरगी वर्ध्याला नर्सिंगला.
होस्टेलात खिळा ठोकू देत नाहीत,
तर फोटो भिंतीसकट पाहिजे.

भिंतही त्यांनी आणली होती, दुसऱ्या फोटोत :
निळी, पोपडे सुटलेली,
एका जागी पोरीनं पेन्सिलीनं केलेली बेरीज, हातचा न धरलेली.

मी फ्रेम टांगली.
सावली उजवीकडे खाली सोडली, मऊ केली,
काचेवर खिडकीची एक तिरपी चकाकी.
मान मागे नेऊन बघितलं. जमलं होतं.

पंचफुलाबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"हे आमचं घर नोहे."
अहो, भिंत तुमचीच आहे.
"उजेड इकून येते आमच्या घरी," त्यांनी उजवा हात उचलला.
"दार इकडं हाये. अन् खिडकी तं नाहीच."

तेव्हा दिसलं.
भिंतीच्या एकेका पोपड्याची सावली
डावीकडे पडली होती.
मी नुसती माझी फ्रेम बघत होतो.

एकशेवीस अंशाचे साठ केले.
एवढ्यानं भागत नाही :
फ्रेमची मॅटवरची सावली, मॅटची फोटोवरची,
सागवानावरची चमक, चारही कडा,
सगळं पुन्हा. दीड तास.
पासपोर्टवाली दोन गिऱ्हाइकं परत गेली.
खिडकी पुसली,
तिच्या जागी दाराएवढं उभं फिकट काहीतरी ठेवलं,
शोधलं तरच सापडेल असं.

"अन् खिळा?"
खिळा मागे असतो बाई, दिसत नाही.
"मंग इतकी सरळ कशी?
आमच्या इथं दार आपटलं का सारंच सरकते."

एक अंश. डावीकडे.

ऐंशी रुपये झाले, त्यांनी शंभर काढले,
सुटे शोधायला मी शेजारच्या पानठेल्यावर गेलो.
परत आलो तर त्या बाकावर,
मोबाईल कानाला न लावता तोंडासमोर धरून,
आणि माझ्या दुकानात, प्रिंटरच्या आवाजावरून,
वर्ध्याची पोरगी ओरडत होती :
"आई, दार कोनं आपटलं वं?
फोटो सरळ कर ना."