मागची बाजू

चरईत माझं दुकान आहे, आठ बाय दहाचं.
तिथे देव येतात, वारलेले येतात,
दहावीत पहिली आलेली पोर येते.
सगळ्यांना एकच फुटपट्टी.

चौबळांच्या शार्दूलचा कागद आला
तेव्हा त्याच्या वडिलांनी नळावर हात धुतले
आणि मलाही धुवायला लावले.
जाड कागद, वर सिंह,
खाली सही. छापील, पण सही.
मी सवयीनं वाचत गेलो :
तुमच्या निष्ठेवर, शौर्यावर, आचरणावर
विशेष विश्वास ठेवून…
पुढचं हिंदी जड होतं.
"राष्ट्रपती ओळखतात होय याला?"
चौबळ म्हणाले, "तोच तर मुद्दा आहे.
न ओळखता ठेवायचा असतो."
सागवानी पट्टी निवडली, दीड इंची.
सोनेरी कड नको म्हणाले,
सोनं त्याचं त्यानं बघावं.

नऊ वर्षांनी शार्दूल स्वतः आला,
बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीच फ्रेम.
मला वाटलं, काच तडकली असेल.
"काका, मागची बाजू उघडा."

पक्कडीनं मी एकेक चूक उपसायला लागलो.
"आमच्या धंद्यात बारीक खिळ्याला चूक म्हणतात,"
मी सांगितलं. लोक यावर हसतात.
तो म्हणाला, "किती आहेत?"
चौदा होत्या. त्यानं मोजून हातात घेतल्या.

मग खिशातून घडीचा कागद काढला.
वहीतून फाडलेला, रेघांचा.
शिपाई धुळाप्पा मगदूम. रजा, दिवस दहा.
कारण : घराचा स्लॅब पडणार आहे,
वडिलांना शिडी चढवत नाही.
खाली लाल शाईत, नामंजूर.
त्याखाली सही.
ही छापील नव्हती.

"हा त्याच्या पाठीला लावा."

मी काही विचारलं नाही.
वारा तिकडचा होता, तुरुंगाची घंटा ऐकू आली.
एकेकाळी किल्ला होता तो.
कोण कोण हुकूम सोडून गेले असतील त्या बुरुजांवरून,
आता तासाचे टोल तेवढे पडतात
आणि बाहेर बायका डबे घेऊन थांबतात.

त्यानंच सांगितलं, माझ्याकडे न बघता,
भिंतीवरच्या कुणाच्या तरी आजोबांना सांगावं तसं :
"त्या आठवड्यात चौकीवर माणसं कमी होती.
उद्या तोच आठवडा पुन्हा आला
तर मी नामंजूरच लिहीन.
वाईट ते हे आहे, काका.
बरोबर होतं ते."
थोड्या वेळानं म्हणाला,
"स्लॅब मी घालून आलो. चार दिवस पाणी मारलं.
म्हातारा मला साहेब म्हणत होता,
घमेलं हातातून काढून घेत होता."

दोन्ही कागदांमध्ये मी बटर पेपर घातला,
एकाची शाई दुसऱ्याला लागू नये म्हणून.
सही सहीच्या पाठीला टेकली.
वरच्या सहीला हा शिपाई माहीत नव्हता.
शिपायाला मात्र ती माहीत असणार,
तिच्यासाठीच तो ताठ उभा राहत आला होता.
पुठ्ठा बसवला. त्यानं चुका एकेक करून दिल्या,
मी ठोकल्या.
तेरा.
चौदावी त्यानं खिशात टाकली.
मी पाहिलं नाही असं केलं.

पैसे दिले, सुटे परत घेतले,
फ्रेम पुन्हा त्याच वर्तमानपत्रात.

चौबळ अजून दसऱ्याला काचेवरून कापड फिरवतात,
झेंडूचं फूल अडकवतात.
एक कोपरा जरा सैल वाटतो म्हणाले परवा,
मी म्हटलं, लाकूड आहे, पावसापाण्यानं हलतं.

सव्वीस जानेवारीला दुकानात टीव्ही लावतो.
रणगाडे जातात, घोडे जातात,
मंचावरचा हात कपाळाशी जातो आणि तिथेच राहतो.
किती वेळ राहतो!
मी त्या हाताकडे बघत काच पुसतो.
दिल्लीतल्या त्या घरात, म्हणतात,
तीनशेवर खोल्या आहेत.
भिंती किती असतील.