हलक्या झोपेची

ती माझ्या ओटीपोटात राहते,
हलक्या झोपेची.
पेल्याचा नुसता आवाज झाला तरी उठून बसते.
म्हणून मी पाणीसुद्धा निवडून पिते.
गार नको, कढत नको, बुडबुडे नकोत,
आंबटाचं तर नावही नको.

कॉफी सोडली तेव्हा काही वाटलं नाही.
संत्र्याचा रस सोडला,
दारातल्या झाडाखाली संत्री पडून राहिली,
शेजारची पोरं खिसे भरून घेऊन गेली.
वाइन तर रामोनबरोबरच गेली,
त्याच्या ग्लासात आता मी बटणं ठेवते.
पण येर्बा सोडायची म्हणजे
पायसान्दूत राहून मुकं व्हायचं.

इथं पाचच्या सुमाराला खुर्च्या रस्त्यावर येतात,
नदीकडून वारा सुटतो,
आणि एकच तुंबी, एकच चांदीची नळी
हातोहात फिरते: माबेल, ओस्वाल्दो,
दवाखान्यातली इर्मा, मग मी.
भांडण असो, उधारी थकलेली असो,
सगळ्यांचे ओठ त्याच नळीला.
नको असेल तेव्हा तुंबी परत देताना म्हणायचं, 'ग्रासियास'.
आमच्याकडे आभार मानणं म्हणजे
पुरे, आता मला वगळा.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी मी म्हटलं.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा, एकही घोट न घेता.
माबेल थर्मास धरून तशीच थांबली.
'डॉक्टरने येर्बा बंद केली तर मी डॉक्टर बदलतो,'
ओस्वाल्दो म्हणाला. हसले सगळे.
मीही हसले, आणि हसल्याने दुखलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नोंद ठेवा.
मग खाटकाने दिलेल्या कॅलेंडरवर,
गायीच्या चित्राखाली, लिहीत गेले:
सोमवार, पुदिना, रात्र बरी.
बुधवार, पुदिनाच, सहा वेळा उठले.
शुक्रवार, नुसतं पाणी. तरीही.
तिला हिशेब कळत नाही.
लोकरीच्या गिरणीतल्या जुन्या मुकादमासारखी
चूक नसली तरी पगार कापते.

भाताची पेज गाळून, बडीशेपेचं कोमट पाणी,
असलं काहीबाही, जे कुणी पाहुण्याला विचारत नाही.
'तान्ह्या बाळाचं पितेस,' नणंद म्हणाली.
हो, बाळाचंच.
माझी जीभ कडूवर वाढलेली,
अळणी, पाणचट काही प्यायले
की वाटायचं, कुणीतरी मला समजावतंय.

गुड फ्रायडेच्या पहाटे, उजाडायच्या आत,
लोक माळावर मार्सेला खुडायला जातात.
पिवळी फुलं, कागदासारखी, दवासकट.
वर्षभराची पोटदुखी एका जुडीत बांधून
स्वयंपाकघरात उलटी टांगतात.
मी गेले नाही.
मी रात्रभर न्हाणीघर आणि पलंग
यांच्या मधल्या फरशीवर होते.

आठला दार वाजलं. उघडलं तर कुणी नाही.
कडीला ओली जुडी,
आणि तिला गाठ मारलेली ती निळी दोरी
जिने ओस्वाल्दो आपली होडी बांधतो.

त्या संध्याकाळी मी खुर्ची घेऊन गेले.
जरा लांबच मांडली.
माबेलने पिशवीतून आणखी एक तुंबी काढली,
लहानशी, नवी, अजून कच्चा वास असलेली.
फुलं घातली, पाणी निववून ओतलं,
आणि इर्मानंतर, नेहमीच्याच क्रमाने,
काही न बोलता पुढे केली.

गवताची चव. थोडी मधाची, थोडी औषधाची.
आत ती कुशीवर वळली,
पण उठली नाही.
निदान त्या घोटाला नाही.

रिकामी तुंबी मी माबेलच्या हातात दिली.
ओठांवर आलेला शब्द
गिळला.
तिने ती पुन्हा भरली.